औसा सात दहा, लातूर साडेबारा

भर दुपारी अख्खी कॉलनी घरातून उठवून मैदानात उन्हात बसवायची ताकद लातुरात कुण्या पुढाऱ्यात नाही. ती माझ्यात आहे, हे एका शनिवारी सिद्ध झालं. तेव्हापासून मी भाजीला मागच्या गल्लीनं जाते, आणि समोरून कुणी आलं की पदर सारखा करायच्या निमित्तानं खाली बघते. मी, केवळाबाई! जिनं उभ्या जन्मात कुणापुढं मान खाली घातली नाही, लग्नात अंतरपाटामागंसुद्धा नाही.

ह्याला कारण फोरट्रान.

माझी सून साक्षी नांदेडची. तिथंच विद्यापीठात तिचं पीएचडी चालू आहे, आणि संगणकावरचं काम ती आमच्या घरी मधल्या खोलीत बसून करते. जमिनीत भूकंप झाला तर त्याची लाट कुठं, किती वेळात पोचते आणि कुठलं गाव किती हलतं, ह्याचा हिशोब ती संगणकाकडून करून घेते. संगणकाशी ती ज्या भाषेत बोलते, तिचं नाव फोरट्रान. "आत्या, भूकंप कधी होणार ते ह्यातून कळत नाही. झालाच, असं धरून चालायचं, आणि मग काय होईल ते बघायचं," हे तिनं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. नंतरही सांगितलं. मी मान डोलावली. मान डोलावणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं, हे तिला ठाऊक नव्हतं. नवी सून.

शिकायची वेळ आली ती शेजारच्या शरणम्मामुळं. ही निलंग्याची. गच्चीवर मिरच्या वाळू घालताना तिनं चार बायकांत विचारलं, "केवळाबाई, तुमची सून दिवसभर दार लावून काय करून राहिली व?"

मी म्हटलं, "फोरट्रान."

"म्हंजे काय?"

मी मिरच्या पसरत राहिले. पसरलेल्याच पुन्हा पसरल्या.

"अय्यो," शरणम्मा म्हणाली, "घरात काय चाललंय ते घरच्या बाईलाच ठाऊक न्हाई!"

मी तशीच खाली आले आणि साक्षीला म्हटलं, "मला शिकव."

आमचे मालक, दगडोबा, पेपरामागून म्हणाले, "तुला मोबाईलचा आवाज कमी करता येईना अजून."

मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. संसार असाच होतो.

माझी शाळा चौथीची. इंग्रजी अक्षरं मला बसच्या पाट्यांमुळं येतात, आकडे तर येतातच. साक्षीनं खुर्चीशेजारी स्टूल टाकलं. मला वाटलं होतं आजकालचं काहीतरी फॅड असेल. पण ती म्हणाली, "आत्या, ही भाषा तुमच्याच वयाची. मधे किती नव्या आल्या, पण जड हिशोब असला की अजून हिलाच बोलावतात." मग मात्र मी स्टूल पुढं ओढलं. म्हातारी म्हणून कोपऱ्यात बसवलेली, पण घरातलं अवजड काम आलं की हिच्याशिवाय पान हलत नाही. अशा बाईशी माझं जमतं.

आणि खरंच चांगल्या वळणाची भाषा हो. मोजायला एकापासून सुरुवात करते, भल्या माणसासारखी. दुसऱ्या भाषा म्हणे शून्यापासून मोजतात. पहिल्या लेकराला शून्यावं म्हणायचं का? इथं जे उघडलं ते झाकावं लागतं. डू म्हटलं की खाली एंड डू, इफ म्हटलं की एंड इफ. माझ्या घरात दुधाच्या पातेल्याला जो नियम, तोच.

एक रिवाज तर मला लईच पटला. पूर्वी ह्या भाषेत नावाच्या पहिल्या अक्षरावरून ठरायचं की आतला आकडा पूर्ण का अपूर्ण. आय पासून एन पर्यंतचं अक्षर असलं तर पूर्ण, बाकी सगळे अपूर्ण. माझं नाव के वरून, म्हणजे मी पूर्ण. मालकांचं डी वरून. मी मालकांना हाक मारून सांगितलं.

साक्षी म्हणाली, "म्हणून तर आता पहिल्याच ओळीत लिहून टाकायचं, इम्प्लिसिट नन. नुसत्या नावावरून काही गृहीत धरायचं नाही."

"मग सोयरिकी जमायच्या कशा?" मी विचारलं. त्यावर ती हसली, आणि मला वाटलं मी लई हुशार आहे. तिथंच घात झाला.

माझा पहिला प्रोग्रॅम फक्त माझं नाव पडद्यावर आणायचा होता. मी एका बोटानं लिहिला. संगणकानं लाल अक्षरात चूक दाखवली. नावाच्या शेवटचं अवतरण चिन्ह राहिलं होतं. एवढ्या संसारात माझ्या तोंडावर मला चूक म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि हे डबडं न भिता म्हणालं. मी दोन दिवस त्या खोलीत गेले नाही. साक्षीनं समजूत काढली. तिचं स्वतःचं काम पडलं होतं, तरी रोज जेवणं उरकली की ती मला घेऊन बसायची. ह्याचा अर्थ मला नंतर कळला.

मग पॅरलल आलं. तिच्या संगणकाच्या पोटात एकाच वेळी काम करणारे आठ जण आहेत. आठ जणांना काम कसं वाटायचं ते तिनं मला समजेल असं सांगितलं. "आत्या, कुरडया घालायच्यात. एकट्या बाईनं घातल्या तर दिवस जातो. आठ बाजा मांडा, प्रत्येकीला एक बाज. प्रत्येकीनं आपल्या बाजेवरचं बघायचं. फक्त कडेला काय झालं ते शेजारच्या बाजेवालीला सांगायचं. लाट अशीच एकीच्या बाजेवरून दुसरीच्या बाजेवर जाते."

"आणि एखादी पुढं पळाली तर?"

"पळायचं नाही. सगळ्या जुळेपर्यंत थांबायचं. तिथं चुकलं की सगळं चुकतं."

कुरडयांचा भाग मी पाठ केला. थांबायचा भाग माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर चार बायकांना पॅरलल समजावून सांगितलं. शरणम्माचं तोंड बघण्यासारखं झालं. रेणुका आणि महामायाबाई, दोघी पलीकडच्या गल्ल्यांतल्या, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माय व, केवळाबाईंना सगळं येतंय की!" खोटं कशाला बोलू, मी जिना उतरले नाही, तरंगत खाली आले.

आता तो शनिवार.

सोमवारी साक्षीला नांदेडला कमिटीपुढं आपलं काम दाखवायचं होतं. ते मान्य झालं तरच पुढं प्रबंध लिहायची परवानगी. तिचा मोठा हिशोब गुरुवारपासून मशीनवर घूं घूं करत चालला होता. सगळं धरून चालायचं किल्लारीपासून. किल्लारीला भूकंप झाला असं मानायचं, आणि लाट ज्या गावाला पोचेल त्या गावाचं नाव आणि वेळ पडद्यावर येणार. "संध्याकाळपर्यंत होईल," ती म्हणाली आणि झेरॉक्स काढायला चौकात गेली. जाताना म्हणाली, "आत्या, नुसतं लक्ष ठेवा. हात लावू नका."

अकराच्या सुमाराला मी लक्ष ठेवायला गेले. पडद्यावर ओळी होत्या. अक्षर लावत लावत मी वाचलं. किल्लारी, शून्य शून्य. औसा, सात दहा. लातूर, बारा तीस. नांदेड, त्रेचाळीस. आणि प्रत्येक ओळीत टी. टी म्हणजे वेळ, हे मला साक्षीनंच शिकवलं होतं.

लातूर, साडेबारा!

मी घड्याळाकडं बघितलं. दीडच तास उरला होता. पण मी अडाणी नाही, मी विचार केला. किल्लारीला शून्य म्हणजे रात्री बाराला होऊन गेला. मग पेपरात कसं नाही? पेपर छापून झाल्यावर झाला असेल. औशाला सकाळी सात दहाला. औशाला माझी बहीण. फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. औसा गेलं!

राहिलं नांदेड. घड्याळात त्रेचाळीस वाजत नाहीत, एवढं मला कळत होतं. पण रेल्वेच्या घड्याळात बाराच्या पुढं चोवीसपर्यंत जातात, मग संगणकाचं आणखी पुढं जात असेल. शनिवारचे चोवीस वजा केले, उरले एकोणीस. म्हणजे रविवारी संध्याकाळी सात. नांदेडला वेळ होता.

साक्षीला फोन केला. तो शेजारच्या टेबलावर वाजला. चार्जिंगला लावून गेली होती.

मालक म्हणाले, "आधी सूनबाईला येऊ दे. तिला विचार."

"ती येईपर्यंत घर राहील का?" मी म्हटलं. त्यांनी पेपराची घडी केली आणि चपला शोधल्या.

भूकंपात पहिल्यांदा काय करायचं हे आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक आहे. गॅस बंद, लाईट बंद, माणसं बाहेर. मी सिलिंडर बंद केला. मेन स्विच पाडला. मशीन तरी घूं घूं करतच होतं, इन्व्हर्टरवर. मी इन्व्हर्टरचंही बटण बंद केलं. अर्धवट काम करायची मला सवय नाही. खोली एकदम गप झाली.

मग कॉलनी. एकटीनं दार दार फिरले असते तर साडेबारा इथंच वाजले असते. पण मला पॅरलल येत होतं! शरणम्माला पुढची गल्ली दिली, रेणुकाला पाण्याच्या टाकीची, महामायाबाईंना मागची, मैदानाकडची मी घेतली. "आपापल्या गल्लीत सांगा, आणि कडेच्या घराला म्हणावं पुढच्या गल्लीला सांगा." काय सुटलं ते! साक्षीचं मशीन तीन दिवस जे करून राहिलं होतं, ते आम्ही चौघींनी चहा उकळेस्तोवर केलं.

फक्त प्रत्येकीच्या हातून जाताना त्यात थोडी भर पडली. शरणम्माच्या गल्लीत औसा जमीनदोस्त झालं. रेणुकाच्या गल्लीत ते सरकारनं सांगितलं. महामायाबाईंच्या गल्लीत ते उपग्रहातून आलं. शेवटी टाकीकडचा एक अनोळखी माणूस धापा टाकत माझ्याकडंच आला, "आज्जी, बसल्या काय! विद्यापीठातून फोन आलाय, साडेबाराला होणार म्हणून!" मला किती बरं वाटलं. मी जे म्हणत होते तेच विद्यापीठही म्हणत होतं.

सव्वाबाराला मैदान भरलं. एक नवरदेव अंगाला हळद तशीच, पाटासकट आला होता. एकाची अर्धीच दाढी झाली होती. शरणम्मानं दोन पुतण्यांकडून वॉशिंग मशीन उचलून आणलं होतं आणि त्याच्यावर हात ठेवून उभी होती. मी मधोमध. लोक मला विचारत होते आणि मी सांगत होते. तो मान, देवा, कुणाला मिळू नये.

नागुबाई तेवढी काही विचारायला आली नाही. ती आमच्या मागच्या घरातली, मूळची किल्लारीकडच्या गावची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लातूरला आली. त्या पहाटे तिचं कोण कोण गेलं हे कॉलनीत कुणी विचारत नाही, ती सांगत नाही. ती सगळ्यांत आधी मैदानात आली होती. हातात काही नव्हतं. खाली बसली होती आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवून होती, तापलेल्या लेकराच्या अंगाला हात लावून बघावा तसे.

साडेबारा वाजले. सगळे आपापल्या पायांखाली बघायला लागले. मग एक लेकरू शिंकलं.

साडेबारा होऊन गेले. कुणीतरी म्हणालं, "घड्याळ पुढं असंल." पाऊण झाला. नवरदेवाची आई म्हणाली, "मुहूर्त टळून राहिला की व." आणि माझा फोन वाजला. औशाची बहीण. आवाज मोठाच ठेवलेला असतो, तिचा शब्द न् शब्द मैदानभर गेला. "अगं अक्के, किती मिसकॉल! शेतात होते, तिथं रेंज कुठं हाय. औशाला? औशाला काय व्हायलंय? काय बी न्हाई. भेंडी तोडायले."

मैदानात पहिल्यांदा कोण हसलं मला ठाऊक नाही. मी बघितलं नाही. मी बहिणीला म्हटलं, "चांगली आलीय का भेंडी?" दुसरं काय बोलणार?

तेवढ्यात साक्षी झेरॉक्सचा गठ्ठा छातीशी धरून आली. मी तिला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आत्या, ते सेकंद आहेत. झालाच तर बारा पूर्णांक तीस सेकंदांत लाट लातूरला येईल, एवढंच."

"मग नांदेड?"

"तेही सेकंदच." मग तिचा चेहरा बदलला. "आत्या, मशीन?"

"बंद केलं."

"इन्व्हर्टर होता ना..."

"तो पण."

ती शरणम्माच्या वॉशिंग मशीनवर बसली. शरणम्मानं हात काढून तिला जागा करून दिली, म्हणजे बघा. चालता हिशोब मधेमधे जपून ठेवायचा एक भाग असतो. तो असला की लाईट गेली तरी तिथूनच पुढं सुरू करता येतं. तो लिहायचा राहिला होता. ज्या दिवसांत तो लिहायचा, त्या दिवसांत ती स्टुलावर बसलेल्या सासूला अवतरण चिन्ह शिकवत होती. हे तिनं मला सांगितलं नाही. मालकांनी विचारलं, तेव्हा त्यांना सांगितलं. मी मागंच उभी होते.

मग चौकीतून हवालदार आले. "अफवा कुणी उठवली?"

मी तोंड उघडायच्या आत साक्षी पुढं झाली. "माझ्या प्रोग्रॅममुळं झालं, साहेब."

"नाव?"

"फोरट्रान."

ते त्यांनी लिहून घेतलं. "वय?"

पोरीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तिनं खरं ते सांगितलं, "सत्तरीला आलंय."

हवालदारांनी मान वर केली. "एवढ्या म्हाताऱ्या माणसाला असले उद्योग कामून करू देता घरात?"

मैदानातल्या झाडून सगळ्या माणसांनी माझ्याकडं बघितलं.

मी पुढं आले. म्हटलं, "साहेब, ते खोडा. माझं नाव लिहा. पोरीनं काही केलं नाही. ती घरीच नव्हती." चार गल्ल्यांसमोर मी हे बोलले. वाटलं, आता हातकडी घालतील, निदान नजरा तरी संपतील. ते म्हणाले, "आज्जी, उन्हात उभ्या राहू नका. घरी जा." धरून नेलं असतं तर थोडी तरी इज्जत राहिली असती.

सोमवारी मी साक्षीबरोबर नांदेडला गेले. ती नको म्हणाली, तरी गेले. तिचे सर, आनंदराज सर, आम्हाला बाकावर बसवून म्हणाले, "छोटा हिशोब करून आणलाय ना, तो दाखवू. बघू काय म्हणतात." साक्षी आत गेली. दाराला कान लावायची गरज नव्हती, दार लोटलेलंच होतं. आतून एक जाड आवाज म्हणाला, "पूर्ण निकाल कुठं आहेत? तुम्ही तर गुरुवारी सुरू केलं होतं."

साक्षी म्हणाली, "वीज गेली, सर."

वीज! ती पोरगी अजून माझ्यावर पांघरूण घालत होती. मी दार ढकललं.

"वीज गेली नाही. मी घालवली," मी म्हटलं. "मी हिची सासू. लातूरची अफवा पण माझीच. जे काय बोलायचं ते मला बोला."

लांब टेबलामागं तिघं बसले होते. आनंदराज सरांनी कपाळाला हात लावला. जाड आवाजाचे साहेब माझ्याकडं बघतच राहिले. "तुम्हीच का त्या? माझ्या सासूबाई लातूरला असतात. शनिवारी मैदानात होत्या. साडेबाराची वाट न बघता तिथून थेट आमच्याकडं आल्या, आणि काल संध्याकाळी सातपर्यंत आम्हा सगळ्यांना अंगणात बसवलं. नांदेडची वेळ कुणी काढली होती?"

"मीच. त्रेचाळीसातनं चोवीस गेले."

"वजाबाकी बरोबर आहे," साहेब म्हणाले.

ते असं म्हणाले आणि बाकीचे दोघं हसले, आणि मला रडायला आलं. मी रडले नाही. पण आलं होतं. साहेबांनी साक्षीला महिन्याची मुदत दिली. छोटा हिशोब ठीक आहे, मोठा पुन्हा करा, म्हणाले. मधेमधे जपून ठेवायचा भाग आधी लिहा. आणि खोलीला कुलूप लावा. किल्ली कुणाकडं नसावी हे त्यांनी सांगितलं नाही. सभ्य माणूस.

परतीच्या बसमध्ये साक्षी माझ्याशेजारीच बसली. अहमदपूरला बस थांबली तेव्हा ती उतरली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. चहाचं काय करायचं? मी प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नागुबाई. मी म्हटलं, आली. बाकीच्यांचं बोलणं मी गिळलं होतं, शरणम्माचंसुद्धा. पण हिनं जे काही बोलावं ते ऐकायला मला तोंड नव्हतं. मी उंबऱ्याच्या आतच उभी राहिले.

"केवळाबाई," ती म्हणाली, "त्या साली असं कुणी खोटंबी येऊन सांगितलं असतं, तर..."

मधल्या खोलीत मशीन पुन्हा घूं घूं करायला लागलं होतं. आम्ही दोघी तेच ऐकत उभ्या राहिलो.

मग तिनं पाठीमागं धरलेला हात पुढं केला. हातात पातेलं होतं, आतून काळं ठिक्कर. "पर पुढच्या खेपेला वरण उतरवायपुरता तरी टाइम देत जा व. शनिवारपासून भिजवून राहिले. निघंना."

मी पातेलं तिच्या हातातून घेतलं. ती "अवं, दाखवायला आणलंय नुसतं," म्हणत होती. मी ऐकलं नाही. आमच्या घरात न्हाणीघर आहे, मागं बंद मोरी आहे, तिथं कुणाला दिसलं नसतं. मी राख आणि काथ्या घेतला आणि कॉलनीच्या नळावर, रस्त्याकडं तोंड करून बसले. माणसं कामाला निघाली होती. नळावरच्या बायका बाजूला सरकल्या. मी मान खाली घालून घासत राहिले. वरचा थर निघाला. खालचा लई चिवट होता.